नाटक-चित्रपटांतली माणसं आणि आशय कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत मराठी विषय घेतलेली मुलं-मुली, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना बसलेले हौशी कलावंत आणि वर्गात चित्रपट दाखवून चर्चा घेणारे शिक्षक या सगळ्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेकांनी वाचलेल्या-पाहिलेल्या कलाकृतींचीच घेतली आहेत. उत्तरांमध्ये शेवटही सांगितले आहेत, कारण शेवट वगळून विश्लेषण करता येत नाही.

नाटक एकदा वाचलं, चित्रपट एकदा पाहिला. तेवढ्यावर लिहिता येईल का?

नाही. तीन वाचनं लागतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. पहिलं वाचन सलग, हातात पेन न घेता आणि शक्य असेल तर मोठ्यानं. पूर्ण लांबीचं नाटक मोठ्यानं वाचायला अडीच-तीन तास लागतात, पण वाक्य कुठे अडखळतं आणि कोण कोणाचं बोलणं तोडतं हे कानालाच कळतं. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. तिसऱ्या वेळी सगळं वाचू नका. ज्यांवर तुमचं म्हणणं उभं आहे ते पाच-सहा प्रवेशच पुन्हा वाचा.

कंसातल्या रंगसूचना गाळून फक्त संवाद वाचण्याची सवय फार नडते. पात्र तोंडानं एक म्हणतं आणि हातानं दुसरंच करतं, ते बहुतेकदा त्या कंसातच लिहिलेलं असतं.

चित्रपटालाही हेच लागू. पहिल्यांदा न थांबवता पाहा, दुसऱ्यांदा थांबवत. तुकड्या-तुकड्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या दृश्यांवर उत्तर लिहू नका. आधीच्या दृश्यामुळे पुढच्या दृश्याला आलेला अर्थ त्यात हरवतो.

नोंदी कशा काढायच्या?

वही आडवी धरून चार रकाने आखा. पहिल्यात जागा: अंक, प्रवेश, पान किंवा चित्रपटातलं तास-मिनिट. दुसऱ्यात: या प्रवेशात कोणाला कोणाकडून काय हवं आहे. तिसऱ्यात: ते मिळवण्यासाठी तो काय करतो किंवा बोलतो. चौथ्यात: प्रवेश संपताना काय बदललं. पूर्ण नाटकाच्या साधारण तीस-चाळीस ओळी होतात.

दुसऱ्या रकान्यात ‘दुःखी आहे’, ‘रागावला आहे’ असं लिहिलं की सगळी वही वाया जाते. तिथे क्रियापद लागतं: ‘कबुली काढून घ्यायची आहे’, ‘घर सोडायचं नाही’, ‘विषय टाळायचा आहे’. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रवेश तुम्हाला अजून कळलेला नाही, किंवा लेखकानं तो निव्वळ माहिती देण्यासाठी घातला आहे. दुसरी शक्यता लिहिण्याआधी पहिली तपासा.

पात्राचा स्वभाव ओळखायचा कसा? गाइडमध्ये विशेषणं दिलेली असतात, ती चालतील का?

‘स्वाभिमानी, प्रेमळ, भावनाप्रधान’ ही तीन विशेषणं मराठीतल्या निम्म्या नायकांना चिकटवता येतात. म्हणूनच ती एकाही पात्राबद्दल काही सांगत नाहीत. पात्र ओळखायचं ते दडपणाखाली त्यानं केलेल्या निवडीवरून. चार गोष्टी विचारा. त्याला काय हवंय? आड काय येतंय? ते मिळवायला तो काय करतो? त्याची किंमत कोण मोजतं?

शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ (१९७०) घ्या. गणपतराव बेलवलकर, म्हणजे अप्पा, निवृत्त होतात आणि मिळवलेलं सगळं मुलांना वाटून टाकतात. ते असं सगळं देऊन टाकतात, स्वतःसाठी काही राखत नाहीत, ही त्यांची पहिली मोठी कृती. ती फक्त ‘प्रेमळपणा’ म्हणून सोडून दिली तर पुढचं नाटक कृतघ्न मुलं आणि बिचारा बाप एवढंच उरतं. जरा थांबून पाहा. हा माणूस आयुष्यभर रंगमंचावर राजे वठवत आला. तो देतोही राजासारखं, एका झोकात, हिशेब न ठेवता. देण्यात वात्सल्य आहे, तसा नटाचा रुबाबही आहे. व्यवहाराच्या जगात राजाची भूमिका चालत नाही, हे त्याला मुलाच्या घरी कळायला लागतं आणि मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा पुरतं कळतं. त्याच्या शोकांतिकेत त्याचा स्वतःचाही हात आहे. हे लिहिल्यानं पात्र लहान होत नाही, उलट खरं होतं.

इथे शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शी तुलना सगळेच करतात, पण साम्य सांगून थांबतात. फरक लिहा: लिअर राज्य वाटण्याआधी मुलींकडून प्रेमाची जाहीर ग्वाही मागतो, अप्पा तशी काही अट घालत नाहीत. त्या एका फरकामुळे दोघांच्या चुकीची जात बदलते.

इतर पात्रं एखाद्याबद्दल जे बोलतात ते खरं धरायचं का?

पुरावा म्हणून धरा, पण आधी तो बोलणाऱ्याविरुद्धचा पुरावा समजा. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (रंगमंचावर १९६७) यासाठी सगळ्यात चांगलं अभ्यासाचं नाटक आहे. नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात, बेणारेला आरोपी करतात आणि खेळाखेळात तिचं खाजगी आयुष्य उघडं करतात. रोकडे, पोंक्षे, कर्णिक जे सांगतात त्यातलं बरंचसं घडलेलंही असेल. पण ते आत्ता, सगळ्यांसमोर, एवढ्या चवीनं का सांगतात, या प्रश्नातून त्या तिघांची व्यक्तिचित्रं तयार होतात.

बेणारे समजून घ्यायची तर सुरुवातीचा भाग पुन्हा वाचा. तिथे ती गावातल्या सामंतशी बोलते आहे आणि अजून कोणी तिच्यावर बोट रोखलेलं नाही. शेवटच्या दीर्घ स्वगताइतकाच हा भाग महत्त्वाचा आहे. विद्यार्थी थेट स्वगतावर उडी मारतात आणि मग बेणारे केवळ ‘पीडित स्त्री’ होऊन बसते. तिची चेष्टेखोरी, शिकवण्यातला आनंद आणि इतरांना टोचून बोलणं हे सगळं त्या पहिल्या भागात आहे.

आणखी एक: सामंत हा त्या कंपूतला नाही. तो साक्ष देतो ती हातातल्या कादंबरीच्या आधारानं, म्हणजे चक्क बनावट. तरीही बेणारेला सगळ्यात खोल लागते ती तीच. का लागते, हे तुमच्या उत्तरात आलं पाहिजे.

जे पात्र रंगमंचावर येतच नाही त्याचं काय?

त्याचीही व्यक्तिरेखा लिहा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये बेणारेचं ज्यांच्याशी नातं होतं ते प्रा. दामले आलेलेच नाहीत, कोर्टातली त्यांची जागा रिकामी आहे. ज्याला खरं तर उत्तर द्यावं लागलं असतं तोच गैरहजर, आणि खटला एकटीवर. अशा पात्राच्या नोंदी काढताना त्याचं नाव कोण, केव्हा घेतं आणि घेतल्याबरोबर कोण गप्प होतं, एवढंच टिपा.

आशय म्हणजे विषयच ना?

विषय एका शब्दात सांगता येतो: दारू, वार्धक्य, जात. आशय सांगायला पूर्ण वाक्य लागतं, आणि त्या वाक्यात ताण असावा लागतो.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा (१९१९) विषय दारू आहे. ‘दारूमुळे संसार उद्ध्वस्त होतो’ हा त्यावरचा सुविचार झाला, नाटक त्याहून बरंच पुढे जातं. सुधाकर प्यायला लागतो तो वकिलीची सनद काही काळ हातची गेल्यावर, अपमानाच्या जखमेवर औषध म्हणून. तळीराम त्याच्या हातात पेला देतो, पण पेल्याआधी तो अपमान आहे. मग वाक्य असं करून पाहा: ‘बुद्धिमान माणसाचा दुखावलेला अहंकार स्वतःला फसवायला सवड शोधतो, आणि त्या फसवणुकीची किंमत त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवणारी माणसं मोजतात.’ आता सुधाकरची बायको सिंधू, तिचं मूल, पद्माकर, रामलाल हे सगळे या वाक्याच्या कक्षेत येतात.

वाक्य तयार झालं की तीन कसोट्या लावा. त्याच्या विरुद्ध जाणारा प्रवेश नाटकात आहे का? असला तर चांगलंच, तो उत्तरात घ्या. शेवट हे वाक्य पक्कं करतो की मोडतो? आणि एखादं दुय्यम पात्र काढून टाकलं तर वाक्य लंगडं पडतं का? तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाचे विनोदी प्रवेश काढून बघा. प्रेक्षक तिथे पोट धरून हसतो, व्यसनाला सभा-ठरावांची प्रतिष्ठा मिळालेली पाहतो, आणि थोड्याच वेळात त्याच पेल्यापायी सुधाकराच्या हातून पोटचं मूल दगावतं. ते विनोदी प्रवेश नसते तर हा आघात निम्मा झाला असता. त्यांना ‘करमणुकीसाठी घातलेले’ म्हणणारं गाइड बाजूला ठेवा.

सिंधूसारख्या पात्राला आजच्या दृष्टीनं ‘सोशिक, मागास’ म्हणावं का?

आधी नाटक तिच्याकडे कसं पाहतं ते लिहा, मग आजचा वाचक म्हणून तुम्ही कसं पाहता ते लिहा. दोन्ही वेगळ्या परिच्छेदांत. सरमिसळ केली की दोन्ही मतं पातळ होतात. १९१९ च्या प्रेक्षकापुढे बालगंधर्वांनी उभी केलेली सिंधू ही आदर्श पतिव्रता होती. पण तिच्या पातिव्रत्यानं सुधाकर वाचत नाही, हे नाटकात स्पष्ट दिसतं. गडकऱ्यांना ते म्हणायचं होतं की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी प्रसंग तेच सांगतात, आणि तुम्ही प्रसंगांवर बोट ठेवू शकता.

रससिद्धांत लावायचा की पाश्चात्त्य शोकांतिकेचे निकष?

जे त्या नाटकातलं काहीतरी उलगडतं ते. धनंजयाच्या ‘दशरूपका’त नाट्यप्रकार वेगळे ओळखण्याच्या तीन कसोट्या दिल्या आहेत: वस्तू (कथानक), नेता (नायक) आणि रस. ‘शाकुंतला’ला त्या छान लागतात. महाभारतातल्या कथेत दुर्वासाचा शाप नाही, अंगठीही नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासानं चौथ्या अंकात शाप आणला आणि नायकाला खोटेपणातून सोडवलं. धीरोदात्त नेता आणि शृंगाराची विरहातून होणारी वाढ, दोन्ही त्या एका बदलावर उभी आहेत. इथे रसचर्चा खरंच कामाची आहे.

अॅरिस्टॉटलची ‘चूक’ ही कल्पना वापरताना ती दुर्गुणाशी एक करू नका. त्याला अभिप्रेत आहे निर्णयातली गफलत, जी चांगल्या माणसाच्याही हातून होते. उत्तरपत्रिकेत ‘मॅक्बेथचा दोष महत्त्वाकांक्षा’ एवढंच लिहिलं जातं. तो दोष कोणत्या रात्री, कोणाच्या बोलण्यावरून, कोणत्या निर्णयात उतरला हे लिहिलं तर उत्तर होतं.

‘घाशीराम कोतवाल’मध्ये खलनायक कोण?

हा प्रश्न परीक्षेत येतो आणि मुलं घाशीराम किंवा नाना यांतलं एक नाव निवडून मोकळी होतात. १९७२ साली आलेल्या या नाटकात खलत्व एका माणसात कोंडलेलं नाही. कनोजहून आलेला घाशीराम पुण्यात अपमानित होतो, सूड म्हणून कोतवाली मागतो आणि मोबदल्यात स्वतःची मुलगी नाना फडणवीसांच्या हवाली करतो. नाना त्याला वापरतात आणि काम संपल्यावर जमावाच्या हाती देतात. त्या दोघांमध्ये उभी असते ती बारा जणांची मानवी भिंत. ती गाते, नाचते, पाठ फिरवते, मागे चाललेलं झाकते आणि गरज पडली की स्वतःच जमाव होते.

उत्तर भिंतीपासून सुरू करा. प्रत्येक अत्याचाराच्या वेळी भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे, एवढी एक नोंद काढली तरी दोन पानांचा मजकूर हाताशी येतो. या नाटकाचा अभ्यास केवळ छापील संहितेवर करणं अवघड आहे. प्रयोग किंवा त्याचं चित्रण पाहायला मिळालं तर सोडू नका.

चित्रपटातलं पात्र कसं वाचायचं? संवाद तर नाटकापेक्षा कमी असतात.

नाटकात शब्द जे काम करतात त्यातलं बरंचसं इथे कॅमेरा, संकलन आणि ध्वनी करतात. पाचेक मिनिटांचं एक दृश्य निवडा. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून फक्त ऐका, मग नेहमीसारखं पाहा. आवाज बंद असताना चौकटीत पात्र किती जागा व्यापतं, उंचीवर कोण आहे, कोण कोणाकडे बघतो आणि कोण बघणं टाळतो ते टिपा.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या गावात असतो तेव्हा किती वेळा आडोसा शोधतो ते मोजा. त्याची मोठी इच्छा शालूनं आपल्याला पाहावं ही, आणि सगळ्यात मोठी भीतीही तीच, निदान डुक्कर पकडतानाच्या अवस्थेत तरी. ही दोन टोकं एकाच दृश्यात आणून उभी केली आहेत. राष्ट्रगीत सुरू होतं, सारं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटून जातं. पुढे पकडलेलं डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं येतात. कोणीही एक वाक्य बोलत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो पडद्यातून थेट आपल्याकडे. तोवर कॅमेरा गावाबरोबर त्याच्याकडे पाहत होता, हे त्या क्षणी लक्षात येतं.

‘सैराट’मध्ये (२०१६) दोन भागांची चाल वेगळी आहे. पूर्वार्धात गाणी, संथ गतीतली दृश्यं, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची. हैदराबादेत गाणी थांबतात, कॅमेरा खोलीतल्या गर्दीत येतो आणि तीच आर्ची कष्टाच्या कामाला लागते. ‘धाडसी’ हे विशेषण पहिल्या आर्चीला सगळे देतात. खरं धाडस कोणत्या आर्चीचं, हा प्रश्न उत्तरात मांडून बघा. शेवटच्या दृश्यातली नीरव शांतता आणि लेकराची पावलं यांवर लिहिताना ‘हृदयद्रावक’ म्हणून थांबू नका. पूर्वार्धात एवढं संगीत भरलेल्या दिग्दर्शकानं इथे आवाज का काढून घेतला ते लिहा.

विश्लेषणात गाणी घ्यायची का?

घ्या, पण गाण्याआधी आणि नंतर पात्रांचं नातं कुठे होतं ते सांगून. काहीच बदललं नसेल तर एका ओळीत नोंद पुरे. संगीत नाटकातल्या पदांनाही हाच नियम.

‘शोले’सारख्या गल्लाभरू चित्रपटात आशय शोधणं ओढूनताणून नाही का होत?

होत नाही, जोपर्यंत तुम्ही पडद्यावर जे आहे त्यालाच धरून आहात. ‘शोले’चा (१९७५) कणा असा: जो एकेकाळी पोलीस अधिकारी होता तो ठाकूर, गब्बरला पकडायला कायद्याकडे न जाता दोन भुरटे चोर भाड्यानं आणतो. त्याचे हात छाटले गेले आहेत. कायद्याचा माणूस, पण ज्या हातांनी कायदा राबवायचा ते हातच नाहीत. मूळ चित्रित शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो बदलून पोलीस येतात आणि गब्बरला त्यांच्या हवाली केलं जातं असा शेवट आला. एका बदलानं आशय उलटतो. पहिल्या शेवटात सूड न्यायाची जागा घेतो, दुसऱ्यात सूड ऐन वेळी कायद्यापुढे थांबतो. दोन्ही शेवट शेजारी ठेवून लिहिलेलं उत्तर उठून दिसतं.

जयचं नाणंही असंच. दोन्ही बाजू सारख्या असल्याचं वीरूला कळतं ते जय गेल्यावर. म्हणजे नशिबावर सोडलेला वाटलेला निर्णय जयचा स्वतःचाच होता. पात्राबद्दलची सगळ्यात महत्त्वाची माहिती तो मेल्यावर द्यायची, ही पटकथेची रचना आहे. तिचं श्रेय द्या.

नाटकावरून चित्रपट झाला असेल तर तुलना कशी करावी?

‘मूळ कलाकृतीला न्याय मिळाला नाही’ हे वाक्य टाळा. तीन रकाने करा: काय गाळलं, काय नवं घातलं, काय बदललं. मग प्रत्येक नोंदीपुढे लिहा, यामुळे कोणत्या पात्राचं वजन वाढलं किंवा घटलं.

२०१६ च्या ‘नटसम्राट’ चित्रपटात विक्रम गोखले यांनी केलेला रामभाऊ हा मित्र मूळ नाटकात नाही. नाटकात अप्पा जे स्वतःशी किंवा आठवणींशी बोलतात, त्यासाठी पडद्यावर समोर दुसरा नट लागला. त्यातून बरोबरीच्या दोन कलावंतांची चुरस आली आणि अप्पांचं एकटेपण थोडं पातळ झालं. परीक्षेत नाटकावर प्रश्न असताना रामभाऊ लिहिणारे दरवर्षी सापडतात. चित्रपट पाहून नाटकाचं उत्तर लिहिलं, किंवा इंटरनेटवरचं तयार उत्तर उतरवलं, की अशी फसगत होते.

विशाल भारद्वाज यांच्या ‘मकबूल’मध्ये (२००३) मॅक्बेथच्या चेटकिणी दोन पोलीस झाले. ते भाकीत करतात आणि ते खरं व्हावं म्हणून हातही लावतात. लेडी मॅक्बेथच्या जागी निम्मी आली, ती मकबूलची बायको नसून त्याच्या म्होरक्याची रखेल. त्यामुळे सत्तेच्या लोभात वासना आणि मत्सर मिसळले. ‘ओंकारा’त (२००६) ऑथेल्लोचा रुमाल कमरबंध झाला आणि वर्णाचा प्रश्न जातीत उतरला. असे बदल इथल्या मातीत तो संघर्ष कुठे सापडतो हे सांगतात.

दोन वेगळ्या काळांतल्या कलाकृतींची तुलना करायची तर जोडी कशी निवडायची?

विषय सारखा असून चालत नाही. दोन्हींत एक सारखी कृती शोधा. ‘उंबरठा’ (१९८२) आणि इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) ही आमच्या आवडीची जोडी आहे. एक कारण जवळचंही आहे: सुलभा महाजन ज्यांनी साकारली त्या स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं.

दोन्हींत स्त्री घर सोडते. नोरा नाटकाच्या शेवटी सोडते, नवऱ्याचं खरं रूप दिसल्यावर, आणि पडदा पडतो. सुलभा दोनदा सोडते. पहिल्यांदा नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीसाठी; तिथे कोणी हाकललेलं नाही, तिला काम हवं आहे. ते काम मोडल्यावर ती घरी परत येते, तर घरात तिची जागा उरलेली नाही, आणि मग ती दुसऱ्यांदा निघते. नोराच्या पाठी बंद झालेल्या दारापलीकडे काय, ते इब्सेन दाखवत नाही. जब्बार पटेल यांच्या चित्रपटाचा मोठा भाग दारापलीकडेच घडतो. तुलनेचा मुद्दा तो आहे. ‘दोन्ही स्त्रीवादी कलाकृती आहेत’ हे वाक्य या मुद्द्यानंतर आलं तर चालेल, त्याच्या जागी नाही.

तमाशा, वहीगायन यांनाही ही पद्धत लागू पडते का?

अर्धीच. खान्देशातल्या जत्रांत फडावर जो वग रंगतो त्यातला राजा, प्रधान, सोंगाड्या ही ठरावीक पात्रं आहेत. त्यांच्या मनाचा तळ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. तिथे पाहायचं ते काम: सोंगाड्या कोणाला कोणता प्रश्न विचारू शकतो, जो इतर कोणी विचारला तर डोकं उडेल? गवळणीत कृष्ण वाट अडवतो तेव्हा मावशी देवाशी किती सलगीनं बोलते? आयत्या वेळी गावातल्या कोणाचा उल्लेख घातला जातो? डफाच्या साथीनं कथा गाणाऱ्या वहीत एकच गायक निवेदकही असतो आणि पात्रंही. तो कोणत्या क्षणी ‘तो म्हणाला’ सोडून थेट पात्र होतो ते ऐका. ध्वनिमुद्रण करून जागा टिपा, कारण संहिता छापलेली नसते आणि प्रत्येक प्रयोग थोडा वेगळा असतो.

आमच्या एकांकिकेत पात्रं अहिराणी बोलतात. बोलीवरून पात्राबद्दल काय सांगता येतं?

पुष्कळ, पण आधी बोली बरोबर असावी. धुळे, साक्री, अमळनेरकडची अहिराणी वेगळी, यावल-रावेर-भुसावळकडची लेवा बोली वेगळी, आणि सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा पाड्यांच्या भाषा आणखी वेगळ्या. रावेरच्या केळीच्या बागेत घडणाऱ्या कथेत प्रत्येक वाक्याला अहिराणीतलं ‘शे’ (आहे) जोडलं की स्थानिक प्रेक्षक पहिल्या मिनिटाला दुरावतो.

मग पाहायचं ते वळण. पात्र घरी कोणत्या बोलीत बोलतं, तहसील कचेरीत कोणत्या, आणि रागात कोणत्या? पुण्याहून परतलेला मुलगा आईशी प्रमाण मराठीत बोलू लागला तर तेवढ्यानंच दोघांमधलं अंतर कळतं, वेगळा संवाद लागत नाही. गडी आणि विनोदी पात्र तेवढं बोलीत, नायक-नायिका प्रमाण भाषेत, ही जुनी वाटणी अजून स्पर्धांमध्ये दिसते. ती असेल तर लेखकाच्या दृष्टीबद्दल ते एक विधान झालं. विश्लेषणात तसं लिहायला कचरू नका.

दहा गुणांचं उत्तर कसं बांधायचं?

साडेतीनशे ते चारशे शब्द, अठरा-वीस मिनिटं. पहिल्या दोन ओळींत तुमचं म्हणणं. मग तीन प्रसंग, प्रत्येकी जागेच्या उल्लेखासह. मग त्या म्हणण्याला अडचणीत टाकणारा एक प्रसंग आणि त्याचा विचार. कथानक सांगण्यात तीन ओळींपेक्षा जास्त घालवू नका. तपासणाऱ्याला कथा ठाऊक आहे.

फरक दिसावा म्हणून ‘शांतता! कोर्ट चालू आहे’तल्या काशीकरांबद्दलचा एकच मुद्दा दोन प्रकारे. कच्चं: ‘काशीकर हा ढोंगी आणि दुटप्पी समाजसुधारक आहे.’ पक्कं: ‘काशीकर न्यायाधीश असतात तोवर खेळाला निदान नियमांचा देखावा आहे. पण बेणारेविरुद्ध स्वतःजवळची माहिती सांगायचा मोह होताच ते खुर्ची सोडून साक्षीदार होतात आणि साक्ष संपवून पुन्हा त्याच खुर्चीत निकाल द्यायला बसतात. न्याय हा त्यांचा हेतू नव्हताच, हे या उठण्या-बसण्यातून दिसतं.’ दुसऱ्यात एकही विशेषण नाही.

लेखकाचं चरित्र किती वापरावं?

एखाद-दुसरी ओळ, आणि तीही प्रसंग समजायला मदत होत असेल तरच. ‘लेखकानं गरिबी पाहिली म्हणून पात्र गरीब आहे’ यात विश्लेषण काहीच नाही.

नट म्हणून या सगळ्याचा तालमीत काय उपयोग?

चार रकान्यांची वहीच तुमची भूमिकेची वही होते. ३५-४० मिनिटांच्या एकांकिकेला उभं राहण्याआधी निदान दोन बैठकी वाचनाच्या ठेवा. प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीनं एक क्रियापद लिहा: दटावणं, गोंजारणं, टाळणं, टोचणं, खडा टाकून बघणं. सलग पाच वाक्यांना एकच क्रियापद आलं तर प्रवेश सपाट होणार हे तालमीआधीच कळतं. ‘इथे रडायचं आहे’ अशी नोंद करू नका. पात्र बहुतेकदा रडू आवरण्याची धडपड करत असतं, आणि प्रेक्षकाला ती धडपडच पाहायची असते.

गाजलेल्या नटाचा प्रयोग पाहून लगेच तीच भूमिका बसवायला घेऊ नका. अप्पा म्हटलं की डॉ. श्रीराम लागूंचा आवाज कानात येतो, आणि मग संहितेतल्या माणसाऐवजी त्या आवाजाचा अभ्यास सुरू होतो. आधी संहिता, तुमची वही, मग हवं तर चित्रण. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय अशा जुन्या ग्रंथालयांत छापील नाटकं चाळून पाहा. फिरत्या झेरॉक्स प्रतींत रंगसूचना आणि कधी कधी पानंच गळालेली असतात.

वर्गात चित्रपट दाखवून चर्चा घ्यायची आहे. वेळ कसा बसवायचा?

‘सैराट’ १७४ मिनिटांचा आहे आणि तासिका पाऊण तासाची. चार दिवस तुकडे दाखवण्यापेक्षा मुलांनी आधी चित्रपट पाहून यावा आणि वर्गात आठ-दहा मिनिटांचं एकच दृश्य घ्यावं. ते आधी आवाजाशिवाय दाखवा आणि फक्त ‘कोण कोणाकडे बघतंय?’ एवढं विचारा. ‘आवडलं का?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारला की वर्ग दोन तटांत वाटला जातो आणि दृश्य बाजूला राहतं. मग आवाजासह दाखवा आणि पाच मिनिटं शांतपणे लिहू द्या. न बोलणाऱ्या मुलांकडून चांगले मुद्दे या पाच मिनिटांत येतात. उरलेल्या वेळेत वाचून दाखवायला लावा, आणि प्रत्येक मताला ‘हे कुठे दिसलं?’ एवढा एकच उलट प्रश्न करा.

आपल्याकडच्या उन्हात दुपारी खिडक्यांतून इतका उजेड येतो की अंधारातली दृश्यं पडद्यावर दिसतच नाहीत, तेव्हा सकाळची पहिली तासिका मागून घ्या. लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या बाकापुढे जात नाही. वेगळा स्पीकर लागतोच. दृश्य नेमकं कुठून कुठवर हवं ते तास-मिनिटांसह आदल्या दिवशी त्याच प्रतीवर तपासून ठेवा, कारण टीव्हीवरच्या आणि ओटीटीवरच्या प्रतींची लांबी नेहमी सारखी नसते.